जीर्ण वृषणशूल : निदान व चिकित्सा

चिकित्सालयात येणारा पुरुषरुग्ण वृषणाच्या दुखण्याचे नाव सहसा पहिल्या वाक्यात घेत नाही. तो अम्लपित्त सांगतो, कंबर सांगतो, ‘ओटीपोटात जड वाटते’ असे म्हणतो. औषधाची पुडी हातात पडल्यावर, दाराशी जाऊन पुन्हा मागे वळतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, ‘डॉक्टर, आणखी एक होतं. खाली गोळीत दुखतं.’ किती दिवसांपासून, असे विचारले असता उत्तर बहुधा महिन्यांत किंवा वर्षांत येते. दाराशी उच्चारलेले हे वाक्य हीच त्या रुग्णाची प्रधान वेदना असते, हे आम्ही बऱ्याच उशिरा शिकलो. त्याला पुन्हा खुर्चीवर बसवणे हा या व्याधीच्या चिकित्सेचा आरंभ होय.

वृषणात किंवा फलकोशात तीन महिने वा त्याहून अधिक काळ सतत किंवा थांबून थांबून होणारी आणि दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारी वेदना, ती जीर्ण वृषणशूल, अशी व्याख्या आधुनिक मूत्रशल्यशास्त्रात रूढ आहे. सर्व तपासण्या करूनही अशा रुग्णांपैकी मोठ्या संख्येत निश्चित कारण सापडत नाही, हेही ते शास्त्र मान्य करते. आपल्या चिकित्सेला येथे वाव आहे. मात्र ‘कारण सापडले नाही’ आणि ‘कारण शोधले नाही’ या दोन गोष्टी निराळ्या आहेत. प्रस्तुत लेखाचा भर या भेदावर आहे.

आमच्याच हातून घडलेला एक प्रमाद प्रथम नमूद करतो. २०११ साली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा २६ वर्षांचा एक तरुण आमच्याकडे आला. डाव्या वृषणात जडपणा व मंद वेदना, बसून राहिल्याने वाढणारी. मलबद्धता, रात्री जागरण, अवेळी भोजन. अपानवैगुण्याचे इतके ठसठशीत चित्र समोर असताना आम्ही परीक्षण उरकते घेतले. रुग्ण संकोचलेला होता आणि खरे सांगायचे तर आम्हीही. वातज वृद्धीचे निदान करून एरंडस्नेह व वृद्धिवाधिका वटी सुरू केली. कोष्ठ सुधारले, झोप सुधारली, वेदनाही उणावली. उपशय मिळाला म्हणून आम्ही निश्चिंत झालो. दहाव्या आठवड्यात त्याने स्वतःच सांगितले की आंघोळ करताना गोळीला एक टणक भाग लागतो. तेव्हा कुठे आम्ही नीट स्पर्श केला. वृषणाच्या अधोभागी हरभऱ्याएवढा, दगडासारखा कठीण, वृषणापासून वेगळा न करता येणारा उंचवटा होता. त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. जांघेतून छेद घेऊन वृषण काढावे लागले आणि अर्बुद निघाले ते सेमिनोमा या जातीचे. सुदैवाने ते वृषणापुरते मर्यादित होते. हा तरुण आज सुखरूप आहे, त्याला अपत्यही आहे. परंतु ते दहा आठवडे आमच्या नावावर जमा आहेत.

वृषणार्बुद बहुधा वेदनारहित असते असे पाठ्यपुस्तकात वाचलेले असते, आणि म्हणून ‘दुखते आहे, त्या अर्थी अर्बुद नाही’ असा उलटा निष्कर्ष मनात घर करतो. तो चुकीचा आहे. काही रुग्णांत जडपणा व मंद वेदना हेच प्रथम लक्षण असते. शिवाय हा व्याधी म्हाताऱ्यांचा नाही. १५ ते ३५ या वयोगटात तो विशेष आढळतो आणि वेळेवर ओळखल्यास बहुतांश रुग्ण पूर्ण बरे होतात. उपशयानुपशय हे निदानाचे साधन खरेच. पण ते दर्शन व स्पर्शन यांच्या नंतरचे आहे. आम्ही क्रम उलटा केला होता.

शास्त्रीय विचार

संहितांमध्ये वृषणशूल हा स्वतंत्र व्याधी म्हणून अध्यायरूपाने येत नाही. तो विखुरलेला आहे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायात वृद्धीचे सात प्रकार सांगितले : वातज, पित्तज, श्लेष्मज, रक्तज, मेदोज, मूत्रज व आंत्रज. अधोभागी कुपित झालेला दोष फलकोशवाहिनी धमन्यांचा आश्रय करून वृद्धी उत्पन्न करतो, ही तेथील संप्राप्ती. त्याच ठिकाणी सांगितलेले पूर्वरूप आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. बस्ती, कटी, मुष्क व मेढ्र यांच्या ठायी वेदना, वायूचा अवरोध आणि फलकोशाची सूज अशी ही लक्षणे आहेत. मुष्काबरोबर कटी आणि बस्ती यांचा उल्लेख एका श्वासात व्हावा, याला अर्थ आहे. वृषणात दुखते म्हणून व्याधी वृषणातच आहे असे नव्हे, हा धडा त्यात आहे.

चरकाचार्यांनी शुक्रवह स्रोतसाचे मूल वृषण व शेफ सांगितले, सुश्रुताचार्यांनी स्तन व वृषण. वंक्षण व वृषण यांच्यामधील विटप मर्म हे स्नायुमर्म असून वैकल्यकर आहे. त्याच्या आघाताने षांढ्य वा अल्पशुक्रता संभवते. अंतर्गळाच्या किंवा नसबंदीच्या शस्त्रकर्मानंतर रेंगाळणारी वेदना समजून घेताना हे मर्म डोळ्यांसमोर ठेवावे. आधुनिक शारीरातही याच प्रदेशातून वृषणरज्जू आणि तिच्यासमवेत वृषणाकडे जाणाऱ्या नाड्या जातात.

आणखी एक संदर्भ व्यवहारात फार उपयोगी पडतो. चरक सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात शुक्रवेग धारण केल्याने मेढ्र व वृषण यांच्या ठायी शूल होतो असे सांगितले आहे. गावाकडे कुटुंब ठेवून शहरात एकट्याने राहणारे कामगार आणि विवाह लांबलेले तरुण या तक्रारीने येतात. कामोत्तेजना दीर्घकाळ राहिल्यानंतर दोन्ही बाजूंना दाटल्यासारखी वेदना व काही तासांत आपोआप शमन, असा इतिहास मिळतो. परीक्षणात काही आढळत नाही. अशा रुग्णाच्या मनात ‘धातू जातो’, ‘शक्ती गेली’ या भीतीने मूळ धरलेले असते आणि भिंतींवरच्या जाहिरातींनी तिला खतपाणी घातलेले असते. त्याला औषधापेक्षा स्पष्टीकरण अधिक हवे असते. हे दुखणे निरुपद्रवी आहे, असे निःसंकोच शब्दांत सांगावे. महागडे वाजीकर योग लिहून त्याच्या भीतीला दुजोरा देऊ नये.

परीक्षण

रुग्णाची अनुमती घेऊन, पडद्याआड, हात कोमट करून परीक्षण करावे. थंड हाताने फलकोश आकुंचन पावतो व काहीच कळत नाही. स्त्रीवैद्यांनी या परीक्षणाला फाटा देऊ नये. शेजारच्या पुरुष सहकाऱ्याची मदत घ्यावी, परंतु परीक्षणाविना औषध लिहू नये.

प्रथम रुग्णाला उभे करून पाहावे. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणरज्जूतील फुगलेल्या शिरा, उभ्या स्थितीतच नीट कळतात. रुग्णाला कुंथायला सांगितले की शिरांचा पुंजका हाताला गांडुळांच्या पिशवीसारखा लागतो. अंतर्गळ असेल तर खोकल्याचा आवेग बोटाला जाणवतो. हे विकार डावीकडे अधिक दिसतात असे सरसकट म्हणू नये. ते व्हेरिकोसीलपुरते खरे आहे, कारण डावी वृषणशिरा डाव्या वृक्काच्या शिरेला काटकोनात मिळते. केवळ उजव्या बाजूस फुगलेल्या शिरा, किंवा आडवे झाल्यावरही न ओसरणाऱ्या शिरा आढळल्यास उदराची सोनोग्राफी अवश्य करावी. वृक्क वा उदरातील अर्बुदाचा दाब हे त्यामागचे कारण असू शकते.

नंतर झोपवून प्रथम निरोगी बाजू, मग दुखरी बाजू तपासावी. अंगठा व दोन बोटे यांच्यामध्ये वृषण हलकेच फिरवावे. पृष्ठभाग गुळगुळीत, सालकाढल्या उकडलेल्या अंड्यासारखा लागला पाहिजे. मागील बाजूस अधिवृषण ही मऊ वळी वेगळी कळते. गाठ वृषणात आहे की अधिवृषणात, या एका प्रश्नावर निम्मे निदान अवलंबून असते. वृषणातील घट्ट गाठ ही अन्यथा सिद्ध होईपर्यंत अर्बुदच मानावी, आणि सुईने कधीही टोचू नये. पाण्याने भरलेली वृद्धी अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश टाकल्यास तांबूस उजळते. परंतु त्या पाण्याआड वृषण नीट हाताला लागत नसेल तर सोनोग्राफी करावी. मूत्रज वृद्धीत सेवनीच्या बाजूस व्रीहिमुख शस्त्राने वेध करून द्रव काढण्याचा विधी सुश्रुतोक्त आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा, मात्र आज चिकित्सालयात सुईने पाणी काढण्याचा मोह टाळावा. पाणी पुन्हा भरते आणि पाकाचा धोका पदरी पडतो.

अधिवृषण कठीण व गाठाळ, शुक्रवाहिनी मण्यांच्या माळेसारखी, फलकोशाच्या मागील बाजूस एखादा वाहता नाडीव्रण, सोबत सायंकाळचा ज्वर किंवा वजन घटणे, असे चित्र असेल तर क्षयाचा विचार करावा. आपल्या देशात हे विसरून चालणार नाही. दशांग लेपाने ही गाठ विरघळण्याची वाट पाहत बसू नये. विदर्भातील नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील किंवा सिंधुदुर्गातील रुग्ण असेल, वारंवार ज्वरासह वृषणरज्जू सुजून दुखत असेल, तर हत्तीरोगाची शंका घ्यावी व रात्रीचा रक्तनमुना तपासून घ्यावा.

इतके करून वृषण निर्दोष आढळले, तर हात तेथेच थांबवू नये. कटी, पृष्ठवंश, वंक्षण, खुब्याचा सांधा, वृक्कप्रदेश हे सर्व पाहावे. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात अडकलेली अश्मरी वृषणात वेदना पाठवते. पृष्ठवंशाच्या बाराव्या मणक्याच्या आसपास निघणाऱ्या नाड्यांचा प्रदेश वंक्षण व फलकोश हा आहे. तेथे दाबून पाहिल्यास रुग्ण कित्येकदा ‘हेच, हेच दुखणं’ असे म्हणून जातो. मूत्रपरीक्षण सर्वांचे करावे आणि फलकोशाची डॉप्लरसह सोनोग्राफी एकदा तरी करून घ्यावी. तिचा खर्च वृद्धिवाधिकेच्या तीन महिन्यांच्या खर्चाहून फार अधिक नाही, असे आम्ही रुग्णाला सांगतो.

ज्यांत क्षणाचाही विलंब नको असा एक प्रकार येथेच सांगितला पाहिजे. किशोर वा तरुण रुग्णात अचानक तीव्र वेदना, छर्दी, वर ओढले गेलेले वृषण, ही वृषणरज्जूला पीळ पडल्याची लक्षणे होत. साधारण ६ तासांच्या आत शस्त्रकर्म झाले तर वृषण वाचण्याची शक्यता मोठी. पुढे ती झपाट्याने घटते. जीर्ण वृषणशूलाच्या लेखात हा विषय घेण्याचे कारण असे की पीळ पडून आपोआप सुटण्याचे प्रसंग काही मुलांत वारंवार घडतात. ‘मधून मधून तासभर भयंकर दुखतं, मग काहीच नाही’ असे सांगणाऱ्या मुलाला दुखत नसतानाही शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.

चिकित्सा

वरील गोष्टी वगळल्यानंतर जे रुग्ण उरतात त्यांत अपानवायूची दुष्टी हा समान धागा आम्हांस आढळतो. दीर्घकाळ एकाच आसनावर बसणे, वेगधारण, मलबद्धता, भारवहन. येथे कोष्ठशुद्धी व वातानुलोमन हा पाया होय. वातज वृद्धीत एरंडतैल दुधासह महिनाभर घेण्याचा सुश्रुतोक्त उपक्रम आजही तितकाच कामाचा आहे. आम्ही १० ते १५ मिलिलिटर मात्रेत, कोष्ठ पाहून, गरम दुधातून देतो. ज्यांना तो सहन होत नाही त्यांना गंधर्व हरीतकी ३ ते ५ ग्रॅम रात्री कोमट पाण्याबरोबर. जोडीला गोक्षुरादि गुग्गुळ व रास्नासप्तक क्वाथ. मूत्रदाह किंवा वारंवार मूत्रप्रवृत्ती असल्यास चंद्रप्रभा.

मात्राबस्तीचा अनुभव आम्हांस सर्वांत चांगला आहे. सहचर तैल ६० मिलिलिटर, भोजनोत्तर, ७ ते ९ दिवस. शहरातल्या १२-१२ तास वाहन चालवणाऱ्या एका ४१ वर्षांच्या रिक्षाचालकाला उजव्या वृषणात ८ महिने वेदना होती. प्रतिजैविकांचे तीन क्रम झाले होते, सोनोग्राफी दोनदा निर्दोष आली होती. वृषण हाताला अगदी स्वच्छ. पाठीच्या व कंबरेच्या संधिस्थानी उजवीकडे दाबले असता वेदना थेट जांघेत उतरली. कटिबस्ती, मात्राबस्ती, एरंडस्नेह आणि दर दीड तासाने रिक्षातून उतरून पाच मिनिटे चालणे, एवढाच उपचार केला. सहा आठवड्यांत वेदना बरीच उतरली. पुढे दिवाळीच्या गर्दीत सलग फेऱ्या मारल्यावर ती परत आली आणि पुन्हा बस्तीने शमली. त्याला ‘समूळ बरे केले’ असे आम्ही म्हणत नाही. आता दुखण्याचे कारण त्याच्या हाती आले आहे, आणि ‘आपल्याला तिथला काहीतरी मोठा रोग आहे’ ही भीती गेली आहे.

स्वेदनाविषयी एक सावधगिरी. वृषण, हृदय व नेत्र यांच्या ठायी स्वेदन मृदू करावे किंवा करूच नये, आणि वंक्षणी मध्यम करावे, असा चरकाचार्यांचा स्पष्ट निर्देश सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात आहे. तरीही दुखऱ्या वृषणावर विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, वालुकापोट्टली हे प्रकार घरोघरी आणि काही चिकित्सालयांतही चालतात. शुक्रोत्पत्तीसाठी वृषणाचे तापमान शरीराहून २ ते ४ अंश सेल्सिअस कमी लागते, हे आज आपणांस ठाऊक आहे. अपत्येच्छू तरुणाला तर शेक सांगूच नये. स्वेदन कटी, पृष्ठ व वंक्षण येथे करावे. फलकोशाला आधार द्यावा. चांगला घट्ट लंगोट हा त्यासाठी उत्तम. तालमीतल्या जुन्या वस्तादांना हे सांगावे लागत नसे. लंगोट नको वाटणाऱ्यांनी खेळाडूंचा सपोर्टर वापरावा.

वृद्धिवाधिका वटीबद्दल. अंडवृद्धी हा शब्द कानी पडताच हात या वटीकडे जातो. तिच्यात पारद, गंधक, ताम्र, तुत्थ, हरताल अशी द्रव्ये आहेत. विश्वासू निर्मात्याची, २५० मिलिग्रॅम दोन वेळा, ठराविक अवधीसाठी आणि वृक्क व यकृत यांचे कार्य तपासून द्यावी. वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून घेत राहणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. निव्वळ शूल असून वृद्धी नसेल तर तिची गरज काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

व्हेरिकोसीलमध्ये वातानुलोमन, आधार व भारवहन-वर्जन यांनी वेदना कमी होते. फुगलेल्या शिरा औषधाने सपाट झाल्याचे मात्र आम्ही एकाही रुग्णात पाहिलेले नाही, आणि तसे आश्वासन देत नाही. वृषणाचा आकार घटत असेल, शुक्रपरीक्षण दुष्ट असेल व अपत्य हवे असेल, तर शस्त्रकर्माचा सल्ला वेळेत द्यावा. वंध्यत्वाची चिकित्सा म्हणून वर्षभर रसायने देत राहिल्याने गेलेला काळ परत मिळत नाही.

नसबंदीनंतरचा शूल हा नाजूक विषय आहे. दीर्घकाळ त्रासदायक वेदना राहणारे पुरुष शंभरात साधारण एक-दोन. परंतु त्यांची तक्रार ‘मनाचा खेळ’ म्हणून उडवून लावली जाते. अधिवृषण तट्ट फुगलेले व हळवे लागते किंवा छेदस्थानी छोटी दुखरी गाठ असते. विटप मर्माचा विचार करून मात्राबस्ती, आधार आणि विश्रांती असा क्रम तीन महिने देऊन पाहावा. उणे न पडल्यास मूत्रशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. तेथे वृषणरज्जूत बधिरतेचे औषध टोचून वेदना थांबते का ते पाहतात. थांबली तर सूक्ष्मदर्शकाखाली रज्जूतील नाड्यांचा छेद करणारे शस्त्रकर्म उपयोगी पडू शकते. हे माहीत असलेला वैद्य रुग्णाला निराशेतून बाहेर काढतो. त्याच वेळी या थोड्या रुग्णांवरून नसबंदीविषयी गावात भीती पसरेल असे बोलू नये. तिचा भार पुन्हा स्त्रियांवरच पडतो.

पथ्यात वाल, वाटाणा, पावटा, शिळे अन्न, रात्रीचे उशिरा जेवण वर्ज्य. ताक, मुगाचे वरण, दुधी, सुरण, लसूण घातलेली पातळ भाजी हितकर. दुचाकीवरील लांबचा प्रवास काही आठवडे टाळावा. मूत्र व मल यांचे वेग अडवू नयेत, हे वाहनचालक, पहारेकरी आणि बँकेतील कर्मचारी यांना मुद्दाम सांगावे लागते.

अनुवर्तनासाठी रुग्णाला दर १५ दिवसांनी बोलवावे. प्रत्येक भेटीत वेदना किती, याबरोबर झोप कशी, कामावर किती दिवस गेला, पत्नीशी बोलणे झाले का, हेही विचारावे. दर भेटीला पुन्हा स्पर्शपरीक्षण करावे, वेदना कमी झालेली असली तरी. महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, फलकोश सैल असताना, स्वतःच्या बोटांनी दोन्ही वृषणे कशी पाहावीत, हे आम्ही आता प्रत्येक तरुण रुग्णाला शिकवून पाठवतो. २०११ च्या त्या मुलाने जे आमच्याआधी शोधले, ते पुढच्या मुलाने योगायोगाने शोधू नये, एवढ्यासाठी.